पायडल कोणते, पायात काय?

तालुक्याच्या ठिकाणी सायकलच्या दुकानात पायडलची जोडी मागितली की दुकानदार फार तर एवढेच विचारतो : रबरी देऊ की प्लास्टिकची? विचारायला हवे ते वेगळेच. पायात काय घालता? वाटेत किती वेळा पाय खाली टेकावा लागतो? आणि टेकता तो डांबरावर, मुरमावर की पांदणीच्या गाऱ्यात? पायडल या तीन उत्तरांवर ठरते. किंमत, वजन आणि रंग त्यानंतर.

आधी चप्पल-बूट

सायकल चालवताना पायाचा जोर चवड्याच्या हाडांवरून पायडलवर उतरतो. तळ कडक असेल तर तो जोर पूर्ण चवड्यावर पसरतो. तळ मऊ असेल तर तो पायडलच्या कडेवर दुमडतो आणि सगळा दाब एका पट्टीवर येतो. हवाई चप्पल घालून सात-आठ किलोमीटर गेल्यावर तळव्याला जी आग सुटते, तिचे मूळ कारण हे आहे. एप्रिल-मेचे ऊन त्यात भर घालते, एवढेच.

यातून एकच नियम निघतो आणि तो लक्षात ठेवला तर निम्मे काम झाले : तळ जितका मऊ, पायडल तितके रुंद हवे. कडक तळाला अरुंद पायडल चालते. गावात नेमके याच्या उलट दिसते. जुन्या बावीस इंची काळ्या सायकलचे अरुंद पायडल, आणि त्यावर पातळ झालेली स्लिपर.

स्लिपरचे आणखी दोन दोष आहेत. तिला टाचेमागे पट्टा नसतो, त्यामुळे पाय वर येताना ती निसटू नये म्हणून बोटे सतत आवळलेली राहतात आणि पोटऱ्या लवकर भरून येतात. दुसरे म्हणजे घामाने किंवा पावसाने पाय ओला झाला की पायडलवर चप्पल घट्ट राहते, पण चपलेवरचा पाय पुढे घसरतो. अंगठ्याची पट्टी भोकातून उपटते, पाय पायडलवरून खाली जातो आणि फिरून वर आलेले पायडल नडगीवर बसते. पायडलला दोष दिला जातो, चूक चपलेची असते.

म्हणून रोज पाच-सहा किलोमीटरच्या पुढे सायकल चालवायची असेल तर पहिला खर्च पायडलवर नको, टाचेमागे पट्टा असलेल्या सँडलवर करा. तळ रबराचा, चवड्यापाशी थोडा वाकणारा पण मधे न वाकणारा हवा. तपासायला सोपे आहे : दोन्ही हातांनी टोक आणि टाच धरून वाकवा. मधोमध घडी पडली तर ती सँडल चालायला ठीक, सायकलला नाही. तळाची नक्षी बारीक आणि सपाट असावी. डोंगर चढायच्या बुटांसारख्या खोल खाचा पिना असलेल्या पायडलवर नीट बसत नाहीत. पिन खाचेत अडकते, आणि मग पाय जिथे हवा तिथे न बसता पिन म्हणेल तिथे बसतो.

शाळेचे काळे बूट आणि साधे कॅनव्हास बूट दोन्ही चालतात. कॅनव्हासचा तळ पातळ असतो पण सपाट आणि चिकट असतो, रुंद पायडलवर त्याची पकड उत्तम. लेस मात्र आत खोचायचीच. उजव्या बुटाची मोकळी लेस चेनचाकीत गेली की दोन फेऱ्यांत पाय जखडतो. धावण्याचे जाड गादीचे बूट दिसायला भारी असले तरी सायकलला बरे नाहीत. दर दाबाला गादी दबते आणि घोटा डुलतो.

पावसाळ्यातले प्लास्टिकचे बूट पाण्याला भीत नाहीत, पण आत पाय सरकतो. पातळ मोजा घातला की फरक पडतो. गमबूट घालून वावरात जाणारे पुष्कळ. गमबुटाचा पंजा रुंद आणि तळ जाड असतो, त्याला शंभर मिलिमीटरच्या आसपास रुंदीचे सपाट पायडलच हवे. अरुंद पायडलवर गमबुटाची आतली कड क्रँकला, म्हणजे पायडल ज्या दांड्यावर बसते त्याला, घासत राहते.

चवडा की मधला तळवा? पुस्तकी उत्तर असे की अंगठ्यामागचे फुगीर हाड पायडलच्या अक्षावर किंवा त्याच्या किंचित पुढे यावे. चपलेवर मात्र बहुतेक लोक तळव्याच्या मधल्या भागाने पायडल मारतात, कारण तसे केल्याने चप्पल दुमडत नाही. यात काही पाप नाही. फक्त मग सीट एक-दोन सेंटिमीटर खाली लागते, आणि छोट्या फ्रेमवर हळू वळताना बोटे पुढच्या मडगार्डला लागत नाहीत ना, ते उभ्या उभ्या हँडल वळवून आधी पाहावे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या सायकली घरात मोठा भाऊ किंवा वडीलही वापरतात, तेव्हा हा प्रकार हमखास होतो. सायकल एक, पाय तीन मापांचे.

सपाट पायडलमधले प्रकार

काळ्या सायकलचे रबरी पायडल म्हणजे लोखंडी दांड्यांवर बसवलेले दोन रबरी ठोकळे. कोरड्यात पकड चांगली, अनवाणी पायालाही चालते, छर्रे खोलून साफ करता येतात. दोष दोनच : रबर झिजून गुळगुळीत झाले की पावसात साबणासारखे घसरते, आणि उन्हात उभ्या राहणाऱ्या सायकलचे रबर तडकते. ठोकळ्यावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की ते बदलायचे. आवाज येईपर्यंत थांबायचे नाही.

नव्या सायकलसोबत येणारे प्लास्टिक पायडल हलके असते. सायकल भरल्या पोत्यासह आडवी पडली की आधी तेच तडकते. स्वस्त नमुन्यात आतले कोन-कप, म्हणजे छर्रे ज्यांच्यामधे फिरतात ते शंकू आणि वाट्या, खोलायची सोयच नसते, म्हणजे दुरुस्ती नाही, थेट बदल.

पातळ पत्र्याचे दातेरी पायडल बुटावर छान धरते. पण तेच दाते फोमच्या चपलेचा तळ कुरतडून काढतात, आणि पाय सुटला तर नडगी फाडतात. चपलेचा वापर असेल तर हे घेऊच नये.

बहुतेकांना आम्ही सुचवू ते रुंद नायलॉनचे पायडल, साधारण १०० मिलिमीटर लांब-रुंद, वर त्याच नायलॉनचे घडवलेले बुटके खिळे. लोखंडी पिनांचे मिळते, पकड त्याहून जास्त, पण साडी, सलवार किंवा धोतराचा काठ त्यात अडकतो आणि चपलेला भोके पडतात. घरातली सायकल सगळेच वापरत असतील तर नायलॉनच्या खिळ्यांवर थांबा. घेताना अक्ष धरून पायडल फिरवा : खरखर नको, आडवे हलवल्यावर खुळखुळ नको, आणि दोन्ही टोकांना छर्रे किंवा बेअरिंग असावे. एका टोकाला छर्ऱ्यांऐवजी नुसते प्लास्टिकचे बुशिंग, म्हणजे नळकांडे, असलेले नमुने लवकर ढिले होतात.

अशा पायडलला कधी कधी रिफ्लेक्टर नसतो, आणि ही उणीव छोटी नाही. वर-खाली होणारा पिवळा ठिपका मागच्या वाहनाला स्थिर दिव्याच्या आधी जाणवतो. कापसाच्या हंगामात अंधार पडल्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्याच रस्त्याने जातात. रिफ्लेक्टरची जागा नसेल तर क्रँकच्या मागच्या बाजूला आणि सँडलच्या टाचेला चमकणाऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवा.

पायडलला पुढे टोपी आणि कातडी पट्टा असलेला जुना प्रकार अजून मिळतो. पाय पुढून घालायचा आणि काढताना आधी मागे ओढायचा. गडबडीत हे सुचत नाही. शिवाय पाय टोपीत नसला की ती उलटी लोंबते आणि पांदणीच्या उंचवट्याला आपटून मोडते. सोडून द्या.

क्लीटचे पायडल : कोणाला, केव्हा

यात बुटाच्या तळाला क्लीट नावाचा छोटा तुकडा बोल्टने बसवतात. तो पायडलच्या खोबणीत दाबला की खटकन बसतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. लूक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये बाजारात आणलेले असे पायडल वापरून बर्नार इनोने १९८५ ची टूर द फ्रान्स जिंकली आणि शर्यतींतले पट्टे हळूहळू गेले. शिमानो या जपानी कंपनीचा दोन बोल्टचा एसपीडी प्रकार १९९० चा. आज निवड मुख्यतः या दोन घराण्यांत आहे : तीन बोल्टची मोठी प्लास्टिक क्लीट, किंवा दोन बोल्टची छोटी लोखंडी.

आपल्याकडे तीन बोल्टचा विचार करू नये. ती क्लीट तळाबाहेर येते, मुरमावर चार पावले चाललात तरी झिजते आणि चहाच्या टपरीच्या फरशीवर पाय घसरतो. दोन बोल्टची क्लीट तळाच्या खोलगट जागेत लपलेली असते, त्यामुळे नीट चालता येते. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. २०० किलोमीटरची साडेतेरा तासांत पुरी करायची असते, त्यात प्रत्येक कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या थांब्यावर, उतरून कार्डावर नोंद घ्यायची, पाणी भरायचे. तिथे हा फरक कळतो.

क्लीटने पाय वर ओढता येतो आणि त्यामुळे वेग वाढतो, असे सांगून ती विकली जाते. त्यात फारसा अर्थ नाही. सपाटीवर एकसारखे चालवताना दाबणारा पायच समोरचा पाय वर उचलत असतो. खरा फायदा वेगळा : खडबडीत रस्त्यावर किंवा मिनिटाला नव्वद फेऱ्यांच्या गतीत पाय जागेवरून हलत नाही आणि कडक तळामुळे आठ-दहा तासांनीही चवडा सुन्न होत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्याला किंवा आठवड्याला शंभर-दीडशे किलोमीटर डांबरावर करणाऱ्याला याचा उपयोग आहे. दूध घालायला, शाळेत किंवा वावरात जाणाऱ्याला नाही. गुरांचा कळप आडवा आला की पाय टेकावा लागतो, आणि कळप इथे दर दोन किलोमीटरला आडवा येतो.

आणि काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. पावसाळ्यात चार पावले चाललात की क्लीटची खोलगट जागा ठासून भरते. मग क्लीट बसत नाही, किंवा अर्धवट बसते आणि सुटत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट. माती वाळली की ती स्क्रूच्या डोक्यातही दगडासारखी होते आणि ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, आत जात नाही. जून ते सप्टेंबर सपाट पायडल आणि पुढे डांबरी रस्त्यासाठी क्लीट, अशा दोन जोड्या ठेवणे सगळ्यात शहाणपणाचे. अदलाबदल दहा मिनिटांची आहे. ते नको असेल तर एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी असलेले पायडल घ्या. तोटा एवढाच की निघताना हवी ती बाजू पायाने शोधावी लागते.

नवशिक्याने क्लीट घेताना शिमानोची एसएच-५६ मागावी. नेहमीची एसएच-५१ फक्त टाच आडवी वळवल्यावर सुटते, ५६ इतर दिशांना जोरात ओढल्यावरही सुटते. पायडलच्या मागच्या छोट्या स्क्रूने पकड कमी-जास्त होते. बहुतेक एसपीडी पायडलला तीन मिलिमीटरची ॲलन की लागते. सुरुवातीला दोन्हीकडची पकड सगळ्यात सैल ठेवा.

क्लीट बसवताना बूट घालून अंगठ्यामागचे आणि करंगळीमागचे फुगीर हाड बोटाने चाचपा, दोन्ही जागी बुटावर खूण करा. पायडलचा अक्ष या दोन खुणांच्या मधे यायला हवा. मग उंच टेबलावर बसून पाय मोकळे सोडा. टाच जेवढी आत-बाहेर वळलेली दिसते, तेवढाच कोन क्लीटला द्या, सरळ करायच्या फंदात पडू नका. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा, चार मिलिमीटरच्या ॲलन कीने ५ ते ६ न्यूटन-मीटर आवळा. पहिले काही दिवस की खिशात ठेवा. गुडघा दुखू लागला तर क्लीटचा कोन एखाद्या अंशाने बदलून पाहा. चवडा जळजळला तर क्लीट दोन मिलिमीटर टाचेकडे घ्या. उन्हाळ्यात दुपारनंतर पाय सुजतो, म्हणून बूट संध्याकाळी मापून घ्यावा आणि वाटेत पट्टे सैल करावेत.

सराव भिंतीला एक हात लावून, मग गवतावर. आपण डावीकडून चालतो, म्हणून थांबताना डावा पाय कडेला टेकतो. तोच पाय आधी सोडायची सवय लावा, आणि थांबण्याच्या वीस-पंचवीस मीटर अलीकडेच. पडतात ते बहुतेक थांबता थांबता, वेगात नव्हे. डांबराची कड संपून मुरूम जिथे दोन-चार इंच खाली असतो तिथे पाय टेकायला गेलात तर पाय पोचतच नाही, हेही ध्यानात असू द्या.

काढणे, बसवणे

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. घाण्याला जुंपल्यासारखा जोर लावून डावे पायडल नेहमीच्या दिशेने फिरवणारे लोक क्रँकचे आटे घालवून बसतात. दोन्ही बाजूंना चालणारा एकच नियम : पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे ढकलला की आवळते, मागच्या चाकाकडे ढकलला की सुटते.

आटे उलटे का? पायडलवरचा जोर नेहमी खालीच असतो, पण क्रँक फिरत राहते. त्यामुळे क्रँकच्या भोकात अक्षावरचा दाब गोल फिरत जातो आणि अक्ष त्याच्या उलट दिशेला किंचित किंचित वळतो. सैल मुठीत पेन्सिल धरून तिचे मोकळे टोक गोल फिरवा, पेन्सिल स्वतःभोवती उलटी फिरताना दिसेल. दोन्ही बाजूंना सरळ आटे असते तर डावे पायडल वाटेत सुटून पडले असते.

अक्षाच्या टोकावर आर म्हणजे उजवे, एल म्हणजे डावे असे कोरलेले असते. १५ नंबरचा पातळ पाना लागतो. जाड पाना क्रँक आणि पायडल यांच्या मधे बसत नाही. काहींना आतल्या बाजूने सहा किंवा आठ मिलिमीटरची ॲलन की लागते. बसवताना आटे पुसा, ग्रीस लावा, आणि पहिल्या तीन-चार फेऱ्या हातानेच. हाताने फिरत नसेल तर आटा तिरका धरला आहे, काढून पुन्हा लावा. शेवटी ३५ ते ४० न्यूटन-मीटर, म्हणजे फूटभर पान्यावर एका हाताचा चांगला जोर. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळा. सैल पायडलवर चालवत राहिलात तर ॲल्युमिनिअमच्या क्रँकचे आटे खाल्ले जातात आणि अख्खी क्रँक बदलावी लागते.

कटकट कुठून येते

एका फेरीला एकदा कटकट वाजते तेव्हा लोक आधी पायडल बदलतात. आधी क्रँक घट्ट धरून पायडल आडवे हलवा. हलले तर छर्रे किंवा कोन ढिला. पायडल स्थिर असेल तर दोन्ही क्रँक आडव्या करून दोन्ही हातांनी एकदम खाली दाबा, मग अर्धी फेरी फिरवून पुन्हा दाबा. काळ्या सायकलमध्ये एक क्रँक दुसरीच्या मागे राहिली तर दोष कॉटरचा, म्हणजे क्रँक मधल्या अक्षाला जखडणाऱ्या खिळीचा. नवी कॉटर ठोकून नट आवळल्यावर थोडे चालवून नट पुन्हा आवळावा लागतो, नुसता नट आवळून जुनी झिजलेली कॉटर टिकत नाही. दर फेरीला घोटा आत-बाहेर होत असेल तर अक्ष वाकलेला आहे. तो सरळ करायचा नसतो, पायडल बदलायचे.

खोलता येणाऱ्या पायडलची साफसफाई वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि दिवाळीनंतर. टोकाची टोपी काढा, लॉकनट आणि वॉशर काढा, खाली फडके अंथरून कोन सोडा. छर्रे मोजून ठेवा. साधारण ते ५/३२ इंचाचे असतात. डिझेलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा, कपात ट्रॅक्टरच्या बेअरिंगचे ग्रीस भरा, मोजलेले तेवढेच छर्रे बसवा. कोन खुळखुळ जाईपर्यंत हाताने आवळा, किंचित मागे घ्या आणि तसाच धरून लॉकनट कसा. एकही छर्रा खड्डे पडलेला असेल तर दोन्ही बाजूंचे सगळे बदला, नवे-जुने मिसळले तर भार मोठ्या छर्ऱ्यांवरच येतो. जळालेले ऑइल वरून सोडणे हा उपाय नव्हे. ते आतले ग्रीस धुऊन काढते आणि धूळ धरते.

नवी जोडी आणायला जाताना जुने पायडल पिशवीत घालून न्या. मोठ्या सायकलींचे आटे ९/१६ इंचाचे, लहान मुलांच्या आणि अखंड क्रँकच्या सायकलींचे अनेकदा १/२ इंचाचे असतात. नजरेला फरक फारसा कळत नाही.